बसूनं कालवलेलं पाणी

बसूला मी शेवटचं पाहिलं तेव्हा त्याचा उजवा हात कोपरापर्यंत घाणीत होता. हॉलमधल्या माशांच्या टाकीखालचं कपाट उघडं टाकून तो जमिनीवर बसला होता आणि मी नाकाला पदर लावून त्याला बॅटरी दाखवत होते. "जरा खाली धर की, अक्का," म्हणत त्यानं आतून एक बुळबुळीत पिशवी ओढली आणि माझ्या पायाशी टाकली. मी किंचाळले, तो हसला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, सात रस्त्याजवळच्या आपल्या टायरच्या दुकानात, गिऱ्हाइकाशी बोलता बोलता माझा धाकटा भाऊ गेला... आता महिना होत आला, तरी डोळ्यांसमोर येतो तो त्या घाणीत हात घातलेलाच.

आमच्या लिंगायत घरात कधी अंडंसुद्धा आलं नाही, आणि ह्यानं सोलापुरात समुद्र आणून ठेवला. बरं, साधे मासे नाहीत, खाऱ्या पाण्यातलेच हवेत. वर दिसते ती टाकी. तिच्याखाली कपाटात काचेची दुसरी टाकी, तिला म्हणायचं सम्प. ती त्यानं स्वतः सिलिकॉननं चिकटवली, आत कप्पे पाडले. वरचं पाणी पाइपातून पहिल्या कप्प्यात पडतं, तिथली कापडी पिशवी माशांची विष्ठा आणि कुजलेलं खाणं अडवते. मधल्या कप्प्यात एक यंत्र पाण्याला फेस आणून उरलासुरला मळ एका पेल्यात गोळा करतं, आणि शेवटच्या कप्प्यातला पंप स्वच्छ पाणी परत वर चढवतो. तो पेला बसू स्वयंपाकघरातल्या बेसिनमध्ये ओतायचा. भांडी घासायच्या जागी! चहाच्या जुन्या चोथ्यासारखा रंग आणि मेलेल्या उंदराचा वास. एकदा मी अर्धी लाटलेली पोळी तशीच पोळपाटावर टाकून घरी निघून आले.

"वर चकचकीत पायजे तर खाली कुनीतरी घान धरायला पायजे की, अक्का," तो म्हणायचा.

"मग तू धर बाबा. मला लांब ठेव."

नंदा, त्याची बायको, तिलाही ह्यातलं काही जमत नसे. ती फक्त मासे बघायची. मीठ पुण्याहून मागवायचं, बाल्कनीतल्या पिंपात फिल्टरच्या पाण्यात कालवायचं, आमटी ढवळावी तसं तासभर ढवळत बसायचं, सगळं तो एकटा करी. आणि आमच्याकडचा उन्हाळा! पाणी रोज उडून जायचं. मीठ मात्र उडत नाही, मागे राहतं. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी रोज गोडं पाणीच घालायचं, हे त्यानं मला नको असताना शंभरदा ऐकवलं होतं.

तो गेला आणि घर माणसांनी भरलं. सम्पची किळस मला होतीच, पण खरी शिसारी आली ती ह्या माणसांची. भेटायला म्हणून यायचे, नंदाकडे पाठ करून टाकीपुढे उभे राहायचे, काचेवर टिचक्या मारायचे. एकानं तर पाण्यात बिस्किट कुस्करून टाकलं. मैंदर्गीच्या काकूनं सम्पमधलं पाणी उतरलेलं पाहिलं आणि तांब्याभर पाण्यात दोन मुठी खायचं मीठ घालून सरळ आत ओतलं. तेही रोज, कुणाला न विचारता. मला कळलं तेव्हा एक मासा पांढरं पोट वर करून तरंगत होता.

"खाऱ्या पान्यातली जनावरं हायती न्हवं? मग मीठ नको व्हय?" काकू म्हणाली, आणि त्याच हातानं कपातलं बिस्किट काढून खाल्लं.

मी पुण्याच्या दुकानदाराला फोन केला. त्यानं सांगितलं, जुनं पाणी थोडं थोडं काढा, तेवढंच गोडं घाला, नाहीतर उरलेलेही मरतील. बादली आणि पाइप घेऊन आले तर नंदा कपाटासमोर बसलेली. एवढ्या दिवसांत ती रडली नव्हती.

"हे पाणी त्यांनी कालवलंय, अक्का. मी एक थेंब बाहेर टाकू देणार न्हाई."

"नंदा, मासे मरतील."

"मरू देत."

मग मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, "त्यानं आयुष्यभर ही घाण उपसली ती मासे मरू देत म्हणायला? ऊठ." ती उठली नाही, पण थोडी सरकली.

पाइपातून पाणी सुरू करायचं तर एका टोकाला तोंड लावून ओढावं लागतं. दुसरा इलाज मला ठाऊक नव्हता. बसूचा तो पाइप आजवर त्या सम्पमध्ये किती वेळा बुडाला असेल, देव जाणे. मी डोळे मिटले आणि ओढलं. तोंडात आलं ते खारट, कुबट, कोमट पाणी. अंगावर सरसरून काटा आला. धार बादलीत पडायला लागली. ती भरत आली तेव्हा नंदानं दुसरी बादली पाइपखाली सरकवली. माझे गाल अजून फुगलेलेच होते. मोरी समोरच होती, दार उघडं होतं, नंदा माझ्याकडे बघत होती... मी गिळलं.