वरचा पाव आटा

देवळाली कॅम्पच्या बाजारात 'खाजा सायकल मार्ट' नावाचं दुकान होतं, पण तिथे खाजा नावाचं कुणी बसत नव्हतं. बसायचे लहानू गांगुर्डे. खाजाभाई वारले त्याला आठ वर्षं झाली होती. पाटी बदला, असं लहानूंना पुष्कळांनी सुचवून पाहिलं. "उस्तादचं नाव उतरवून माझं चढवू? लोकांचं जाऊ द्या, उस्ताद वरून पाना फेकून मारंल," असं म्हणून ते पुढच्या कामाला लागायचे.

सोळाव्या वर्षी ते नांदगावकडच्या खेड्यातून इथे आले. चुलतभाऊ एका साहेबाच्या बंगल्यावर माळी होता. त्याने एकदा साहेबाची पंक्चर सायकल देऊन त्यांना बाजारात पाठवलं. खाजाभाई पंक्चर काढत होते आणि हे इतके टक लावून बघत राहिले की खाजाभाई म्हणाले, "देखता क्या है? देखने का टिकट लगता है. बैठ, ट्यूब पकड." लहानू बसले, ते बेचाळीस वर्षं उठलेच नाहीत.

खाजाभाईंनी त्यांना काम शिकवलं ते सगळं कानाने आणि हाताने. चाक वाकडं फिरत असलं तर त्याचा आऊट काढायला लहानू तारा एकेक करून बोटाने छेडायचे. ढिली तार बद्द वाजायची, ताणलेली खणखणीत. शेजारी पीठगिरणी चालू असली तरी त्यांना तो फरक ऐकू यायचा. आणि दोन नियम होते, जे खाजाभाईंनी शिव्यांसकट घोटून घेतले होते. पहिला, ग्रीसशिवाय काही बसवायचं नाही. "लोहे पे लोहा सूखा बिठाया तो दोनो भाई भाई हो जाते, फिर अलग नहीं होते." दुसरा, नट घट्ट झाला की त्यावर आणखी पाव आटा, म्हणजे पाव फेरा, द्यायचा. घट्ट झाला तो आपल्या समाधानासाठी, वरचा पाव आटा गिऱ्हाइकाच्या जिवासाठी.

बेचाळीस वर्षांत लहानूंनी बसवलेलं चाक रस्त्यात निखळलं असं एकदाही झालं नाही. कॅम्पातल्या फौजींच्या बदल्या व्हायच्या, सायकली रेल्वेत चढून पठाणकोटला, जोधपूरला जायच्या, आणि तिथून फोन यायचे, "लहानूभैया, यहाँ किसी को आऊट निकालना नहीं आता." तो फोन ते मुद्दाम मोठ्या आवाजात घ्यायचे. शेजारच्या मोबाईलवाल्या रविराजला ऐकू जावं म्हणून.

मग पाथर्डी फाट्याकडे, हायवेला लागून, ते मोठं दुकान आलं. काचेचं, थंडगार, कंपनीचं. आत पोरं सायकली चालवून बघायची आणि कुणी ओरडत नसे. पहिल्या वर्षी लहानूंच्या, शाळा उघडताना होणाऱ्या, जूनमधल्या विक्रीवर परिणाम झाला, दुसऱ्या वर्षी जून आला कधी न् गेला कधी ते कळलंच नाही. जे त्या दुकानात जात नव्हते ते मोबाईलवरून सायकल मागवायचे आणि खोका घेऊन लहानूंकडे यायचे. "काका, जोडून द्या ना."

लहानूंनी भिंतीला टांगलेल्या नव्या सायकली एकेक करून संपवल्या आणि पुन्हा भरल्या नाहीत. नाशकातल्या द्वारका चौकाजवळचं एक आणि नाशिकरोडचं एक अशी ओळखीची दोन दुकानं त्याच वर्षात बंद झाली. रविराजला आपलं दुकान वाढवायचं होतं. तो दर महिन्याला विचारायचा, "काका, गाळा सोडताय ना दिवाळीला? मी मालकाशी बोलून ठेवलंय."

"बोलून ठेव. बोलायला काय जातंय?"

"अहो, विकायला काही उरलं नाही तुमच्याकडे."

"विकायचं त्यांनी, दुरुस्तायचं आपण. काचेत उभा राहून आऊट निघत नाय, बाबा." आणि आपला उजवा तळहात त्याच्यासमोर धरून म्हणायचे, "हा जोवर चालतोय, तोवर शटर वर."

बायकोला, झुंबरबाईलाही ते हेच सांगायचे. गुडघे दुखतात, आता पुरे करा, असं ती म्हणाली की म्हणायचे, "गुडघ्यानं नट आवळतो का मी?" एकूण काय, दुकान आता त्या एका हातावर उभं होतं, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्या गुरुवारी सकाळी वैष्णवी आली. रिटायर हवालदाराची मुलगी, अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला इंजिनिअर. शाळेत असल्यापासून तिच्या सायकली लहानूंकडेच यायच्या. आता ती शर्यतीत उतरायची. दोन वर्षं पैसे साठवून तिने मुंबईच्या एका सायकलस्वाराकडून वापरलेली कार्बनची सायकल घेतली होती. शनिवारी नाशिक ते सापुतारा आणि परत अशी शर्यत होती. वर्षभर पहाटे उठून तिने त्यासाठी घाम गाळला होता.

"काका, सीट दोन बोटं वर करायची आहे, आणि बसलं की करकर वाजतं. त्या दुकानात मंगळवारची वेळ देताहेत."

लहानूंनी सायकल दोन बोटांनी उचलली. "आगं, ही सायकल हाय का पापड?"

"कार्बन आहे. सांभाळून हं."

"तू मला सांगतीस, सांभाळून?"

त्यांनी सीटची नळी बाहेर काढली, फडक्याने पुसली, आत-बाहेर बोटभर ग्रीस लावलं, पुन्हा बसवली आणि क्लॅम्प आवळला. करकर थांबली. वैष्णवी स्टेशनपर्यंत जाऊन आली आणि हसत उतरली.

"काका, जाताना मी उंच होते, येताना बुटकी झाले."

सीट खाली सरकली होती. लहानूंचे कान तापले. त्यांच्या हातून बसवलेली सीट खाली बसली, असं कधी झालं नव्हतं. त्यांनी पुन्हा वर घेतली, पुन्हा आवळली. ती बाजाराला एक फेरी मारून आली. सीट पुन्हा खाली.

"राहू दे काका, मी बघते कुठे—"

"थांब गं. तू जा, रविराजकडं बस घटकाभर."

ती शेजारच्या काउंटरवर जाऊन मोबाईलची कव्हरं बघू लागली. लहानूंनी तिसऱ्यांदा सीट वर घेतली. क्लॅम्प आवळला. घट्ट झाला. मग मनगट नेहमीसारखं आपोआप पुढे गेलं, वरचा पाव आटा.

टिच.

काचेची बांगडी तडकावी एवढासा आवाज. दुसऱ्या कुणाला ऐकूही आला नसता. लहानूंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. क्लॅम्पच्या खाली, फ्रेमच्या नळीवर, केसासारखी एक रेघ उतरली होती, नखाएवढी. त्यांनी रॉकेलच्या बोळ्याने ती पुसली. ओरखडा असता तर फिका पडला असता. रेघ आणखी काळी दिसायला लागली.

तेवढ्यात वैष्णवी आली, सायकलवर बसली आणि मुद्दाम दोनदा आदळून बघितलं. "आता कशी बसली! हलायचं नाव नाही. म्हटलं ना रविदादा, आमच्या काकांच्या हाताला तोड नाही."

"मग! डॉक्टर आहेत ते सायकलचे," रविराज आतून म्हणाला.

लहानू पाना हातात घेऊन उभे होते. सीट बसली होती, पोरगी खूश होती. ती रेघ बसल्यावर मांडीआड जात होती, शनिवारपर्यंत तिच्या लक्षातही येणार नव्हती. नुसता रंग उडाला असेल, असं त्यांच्या मनात आलं. आणि त्याच्या मागोमाग सापुताऱ्याचा घाट मनात आला. येताना तो पोरीला उतरायचा होता.

"उतर."

"काय झालं?"

"उतर म्हनतो ना खाली."

त्यांनी बोट ठेवून दाखवलं. वैष्णवी वाकली, रेघेवरून नख फिरवलं. नख अडकलं. ती बराच वेळ वाकलेलीच राहिली.

"रंग असेल, काका."

"रंग नाय. मी आवाज ऐकला. माझ्या हातून तडकली ती."

डोळे पुसायला तिने तोंड रस्त्याकडे केलं. रविराज बाहेर येऊन पुन्हा आत गेला. ओरडली असती, चार शब्द सुनावले असते, तर लहानूंना उभं राहायला आधार मिळाला असता.

भर दुपारी शटर ओढून लहानू तिच्याबरोबर रिक्षात बसले. सायकल आडवी दोघांच्या मांडीवर. त्या मोठ्या दुकानात ते पहिल्यांदाच जात होते. दारात त्यांनी चपला काढल्या; पहारेकऱ्याने "असू द्या बाबा, चालतं" म्हटल्यावर पुन्हा घातल्या.

दुरुस्तीच्या टेबलावर मयूर नावाचा तरुण होता. त्याने सायकल स्टँडला लावली आणि खिशातून एक नाणं काढलं. फ्रेमवर वरपासून हलके हलके वाजवत खाली येऊ लागला. टक, टक, टक, टक. रेघेजवळ आल्यावर आवाज एकदम बसला, ओल्या लाकडासारखा. वैष्णवी मयूरच्या तोंडाकडे बघत होती. लहानूंना बघायची गरज पडली नाही. त्यांनी मान खाली घातली.

"आतपर्यंत गेलीय," मयूर म्हणाला. "फ्रेम वापरता येणार नाही, मॅडम. कोणी आवळलं हे?"

"मीच. घरी," वैष्णवी म्हणाली.

"खोटं बोलतीय ती," लहानू म्हणाले. "मी आवळलं. देवळालीत माझं दुकान हाय."

मयूरने त्यांच्याकडे पाहिलं. नखांतली काळी ग्रीस पाहिली. "काका, आत ग्रीस लावलं होतं का?"

"लावलं की. चांगलं भरपूर."

"कार्बनला ग्रीस लावत नाहीत. नळी घसरते मग. घसरली की माणूस आणखी आवळतो, आणि..." त्याने पुढचं वाक्य सोडून दिलं. "याची वेगळी पेस्ट येते, जरा खरखरीत. आणि किती आवळायचं ते फ्रेमवर लिहिलेलं असतं. हे बघा."

बारीक पांढरी अक्षरं होती. लहानूंनी सायकलवरची अक्षरं आजवर कधी वाचली नव्हती.

मयूरने दुसऱ्या एका सायकलच्या क्लॅम्पला लांब दांड्याचा पाना लावला आणि तो लहानूंच्या हातात दिला. "तुम्हीच आवळून बघा. पुरेसं झालं की हा स्वतः सांगतो."

लहानूंनी फिरवला. पान्यातून कट असा आवाज आला आणि दांडा हातात सैल झाला.

"झालं?"

"झालं."

"हे तर ढिलं हाय."

"नाही काका. एवढंच असतं."

पोरगा हसला नाही. समजावून सांगितलं त्याने, आवाज खाली ठेवून, गिऱ्हाइकांना ऐकू जाऊ नये असा. लहानूंनी पाना परत दिला आणि "बरं" म्हणाले.

परतताना रिक्षात ते म्हणाले, "फ्रेमचं काय ते मी बघतो."

"त्याचं नंतर बोलू, काका."

"नंतर नाय. वर्षभर तू..."

शनिवारी शर्यत झाली. दुसऱ्या दिवशी रविराजने मोबाईलवर फोटो दाखवले. वणीजवळच्या थांब्यावर वैष्णवी टेबलामागे उभी होती, येणाऱ्या सायकलस्वारांना पाण्याच्या बाटल्या देत होती. अंगात शर्यतीसाठी घेतलेली नवी जर्सी होती.

"हसतीय की," रविराज म्हणाला.

"हं," म्हणून लहानूंनी मोबाईल परत केला.

बुधवारी ती आईची जुनी सायकल ढकलत घेऊन आली. मागचं चाक पंक्चर. कॅम्पात तिच्या घराशेजारीच एक पंक्चरवाला बसतो हे लहानूंना ठाऊक होतं. एवढ्या लांब ती का आली, तेही ठाऊक होतं.

"बसा, बाईसाहेब," ते म्हणाले.

"बसते. चहा सांगा आधी. तुमच्याकडचा उधार आहे मागचा."

"कधीचा गं?"

"मी सांगेन तेव्हाचा."

ते हसले. ट्यूब काढली, पाण्यात बुडवून भोक शोधलं, ठिगळ लावलं, टायर चढवला. चाक चिमट्यात बसवलं आणि नट आवळायला घेतला. घट्ट झाला. आता वरचा पाव आटा.

हात थांबला.

हे लोखंड होतं. हजारो वेळा दिलेला तो पाव आटा. पण घट्ट झालं ते आत्ता, की मघाशीच झालं होतं? त्यांनी नट ढिला केला, पुन्हा आवळला. पुन्हा त्याच जागी थांबले. पुन्हा ढिला केला. वैष्णवी चहाचा ग्लास हातात घेऊन बघत होती. तिसऱ्यांदा आवळून त्यांनी पाना नटावर तसाच ठेवला आणि तिला जवळ बोलावलं.

"बघ गं जरा. झालंय का घट्ट?"

"काका, तुम्ही मला काय विचारता?"

"बघ म्हनतो ना."

तिने ग्लास खाली ठेवला, पाना धरला, जोर लावून पाहिला.

"झालंय."

"नक्की?"

"नक्की, काका."

"दुसऱ्या बाजूचाबी बघ."

तिने तोही बघितला. मग सायकलवर बसून गेली. लहानू दुकानाबाहेर येऊन तिचं मागचं चाक बघत राहिले, ती कोपऱ्यावर वळेपर्यंत. वळल्यावरही थोडा वेळ कान देऊन उभे होते.

रविराज काउंटरवर कुणाच्या तरी मोबाईलला काच चिकटवत होता. लहानू त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. त्याने वर पाहिलं.

"मालकाशी बोललायस ना तू?"

"हो. का?"

"मग दिवाळीपर्यंत कशाला थांबतोस," लहानू म्हणाले. "पयल्या तारखेलाच घे."