येवल्याला क्षमा करायला गेलो

येवल्याच्या एकनाथ विणकराने मला फसवले. नाशिकहून निघालो तेव्हा माझ्यापुरती गोष्ट एवढीच होती. माझ्या दुकानातून गेलेल्या एका पोपटी पैठणीचा पदर वर्षाच्या आत काळा पडला. गिऱ्हाइकाने ती साडी सगळ्यांदेखत माझ्यासमोर आणून टाकली. त्याच आठवड्यात मी येवल्याच्या बाजारात उभा राहून ओरडलो, की एकनाथ खोटी जरतार वापरतो, आणि जो त्याला काम देईल त्याचा माल मी घेणार नाही. माझा शब्द तेव्हा चालत असे. सायकलवर गाठोडे बांधून दारोदार साड्या विकण्यापासून मी सुरुवात केली होती. तो मान मला कोणी फुकट दिलेला नव्हता.

त्याला चार वर्षे झाली. आणीबाणी उठल्याच्या पुढच्या वर्षीचा उन्हाळा लागत होता आणि पुनरुत्थानाचा सण, म्हणजे ईस्टर, जवळ आला होता. आमच्या ख्रिस्ती मंडळीत रीत आहे, की सणाच्या प्रभुभोजनाआधी ज्याचे कोणाशी वाकडे असेल त्याने ते मिटवून यावे. नवे पाळकसाहेब दुकानात आले, चहा घेतला आणि म्हणाले, "शमुवेलराव, त्या विणकराला क्षमा केलीत?"

"मनातून केली की."

"त्याला कळलं का?"

मला राग आला. माणूस तरुण, आवाज मऊ, आणि प्रश्न बाभळीच्या काट्यासारखा. दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली.

निफाडपर्यंत दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव होते. थांब्यावर एक बाई द्राक्षांची टोपली घेऊन खिडकीशी आली. मी भाव पाडला, तिने उतरवला, मी आणखी पाडला.

"बाबा, आता टोपलीबी घे अन् मलाबी घरी ने," ती म्हणाली. अख्खी गाडी हसली. मीही हसलो, पण भाव सोडला नाही.

विंचूरपाशी गाडीचे चाक पंक्चर झाले. कंडक्टरने सगळ्यांना खाली उतरवले. शेतात काढलेला कांदा पातीसकट वाळत पडला होता आणि वाऱ्याला त्याचा उग्र वास होता. एका लिंबाखाली बसून मी एकनाथला म्हणायचे वाक्य घोकत होतो: तू चूक कबूल कर, मी मोकळ्या मनाने क्षमा करतो. आधी तू, मग मी. क्षमेचाही मी सौदाच बांधला होता.

येवल्यात एकनाथच्या गल्लीत शिरताच मागांची खटखट ऐकू आली. त्याच्या घरातून मात्र आवाज नव्हता. आत गेलो तर मागाच्या खड्ड्यावर फळ्या टाकलेल्या, त्यांवर धान्याची कणगी. त्याची बायको द्वारकाबाई सुपात बाजरी पाखडत होती. तिने मला ओळखले. सूप खाली ठेवले, पाण्याचा तांब्या आणि गूळ पुढे केला.

"बसा शेठ. ते कांद्याच्या खळ्यावर गेलेत, पोती भरायला. येतील जेवायला."

एकनाथ आला. खांद्यावर पोत्याच्या तागाचे तंतू चिकटलेले. मी घोकलेले वाक्य म्हटले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले आणि बायकोला म्हणाला, "तो डबा काढ गं."

डब्यात लहान लहान कांड्या होत्या (कांडी म्हणजे धागा गुंडाळायची पोकळ नळी). प्रत्येक पैठणीची उरलेली जरतार तो कांडीवर गुंडाळून ठेवी आणि त्या साडीच्या रंगाचा एक धागा वर बांधी. पुढेमागे पदर उसवलाच, तर त्याच तारेने सांधता यावा म्हणून. पोपटी धाग्याची कांडी त्याने उचलली आणि तार दगडावर घासली. सोनेरी रंग गेला, तांबे लाल दिसू लागले.

"ही तार कोणी दिली, शेठ?"

आमच्या धंद्यात रेशीम आणि जरतार व्यापारी देतो; विणकर फक्त विणतो. 

"तव्हाच बोललो व्हतो, तार हलकी हाय. तुमी म्हनले, तू विण, अक्कल नको शिकवू."

मग मला सुरतेची ती दुपार आठवली. जरतार विकणाऱ्याशी मी तासन् तास घासाघीस केली होती. शेवटी त्याने हातातला डबा परत ठेवला आणि काही न बोलता खालच्या फळीवरचा दुसरा काढला. मी ते पाहिले होते. विचारले नाही, कारण भाव माझ्या मनासारखा झाला होता. पदर काळा पडेपर्यंत ती दुपार मी इतकी पक्की विसरलो, की माझा राग अगदी खरा होता.

"चुकलो, एकनाथ. माफ कर," मी म्हणालो. माझे डोळे भरून आले.

द्वारकाबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "बोंब मारली बाजारात, अन् माफी मागताय चुलीपाशी? हितं कोन ऐकतंय? आमाला तर ठावंच व्हतं."

"अगं, जेवू दे त्यांना."

"जेवू द्या की. जेवून मंग जा म्हनावं."

माझ्या कपाळाची शीर उडाली. पण तिने माझ्यासमोर गरम भाकरी, कांद्याची पात आणि ठेचा ठेवला होता, आणि सगळ्यांत मोठी भाकरी मलाच वाढली होती. त्या भाकरीपुढे भांडता येईना. डोळे भरून आले म्हणजे पश्चात्ताप झाला, असे मी जन्मभर मानत आलो होतो. तिला माझे डोळे नको होते, पाय हवे होते. देवालाही तेच हवे असणार, हे मला चाळिशी उलटल्यावर भाकरी खाता खाता समजले.

जेवून मी बाजाराकडे निघालो; एकनाथ बरोबर आला नाही. "तुमचं तुमी जा," म्हणाला.

पाच पेढ्या फिरलो. प्रत्येक ठिकाणी तेच वाक्य: तार माझी होती, एकनाथ खरा होता, मी खोटे बोललो.  तिसऱ्या पेढीचा मालक हसला.

"शेठ, पाणी घ्या. एकनाथ असं करणार नाही, हे आम्हाला पहिल्यापासून ठाऊक. पण तुमच्याशी वाकडं कोण घेणार?"

परत येऊन मी एकनाथला म्हणालो, "फळ्या काढ, माग लाव. रेशीम मी पाठवतो."

त्याने तळहात पुढे केले. पोती उचलून कातडीला भेगा पडल्या होत्या. कोनाड्यातली रेशमाची जुनी लड त्याने हातावरून ओढली, तर तंतू भेगांत अडकले.

"रेशीम धरत नाय आता. दोन-तीन म्हयने लोणी चोळावं लागंल."

द्वारकाबाईने त्याचा हात मांडीवर घेतला आणि अडकलेला एकेक तंतू न तुटू देता सोडवला. बराच वेळ लागला. 

परतीच्या गाडीत मला खिडकी मिळाली, पण बाहेर काय होते ते आठवत नाही. सणाच्या दिवशी प्रभुभोजनाआधी मंडळीत उभा राहून सगळे सांगितले. माझे मी सांगितले. त्या हातांचे जे झाले तेही मलाच निस्तरायचे आहे.

पण मंडळीतल्या बंधुभगिनींनो, तुमचे काय? चार वर्षे मी प्रार्थनासभेत एकनाथच्या नावाने गळा काढला, आणि तुम्ही 'आमेन' म्हणालात. फसवल्या गेलेल्या बंधूसाठी म्हणून माझ्यासाठी प्रार्थना केल्यात. तुमच्यात साड्यांचा धंदा करणारे आहेत, तार कोण पुरवतो हे जाणणारे आहेत. एकानेही विचारले नाही, 'शमुवेल, तार कोणाची होती?' तुम्ही का विचारले नाही? उत्तर द्या. मला नको. सकाळची एसटी आहे. येवल्याला जाऊन एकनाथला द्या.