निवांतचा विरुद्धार्थी शब्द
चहात बुडवलेल्या बिस्किटाचा वास आला की पार्ल्यातली आमची शाळा आठवते, कारण बिस्किटांच्या कारखान्यातला तसाच गोड वास वर्गात यायचा. एकदा बाई म्हणाल्या, ‘निवांत’ हा शब्द ‘निवात’वरून आला, म्हणजे जिथे वारा नाही ती जागा, आता विरुद्धार्थी शब्द सांगा. एका हाताने पोळी उलटत दुसऱ्या हाताने माझी वेणी ओढणारी आई डोळ्यांसमोर आली आणि मी म्हणाले, “आई.” वर्ग खिदळला. संध्याकाळी बाजारात बाईंनी ते आईलाच सांगितलं. माझी आता वाट लागणार, असं वाटलं. पण आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली आणि भाजीची पिशवी खाली ठेवून बाईंशी चक्क गप्पा मारत उभी राहिली. परवा तिच्याकडे मी उभ्याउभ्याच चहा घेत होते. बिस्कीट बुडवत ती म्हणाली, “बस गं जरा. विरुद्धार्थी शब्द आता तू झालीस.”