मासवडीचं फडकं

यशोधराला आता गल्लीत नावानं कुणी हाक मारत नाही. भाजीवाली म्हणते, "टीव्हीवाल्या, मेथी घ्या." गिरणीवाला म्हणतो, "टीव्हीवाल्यांची डाळ बारीक निघाली पाहिजे." मुलीच्या शाळेतल्या बाईंनी तर पालकसभेत तिला उभं करून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या आणि टाळ्या थांबायच्या आत विचारलं, "मग गॅदरिंगला साठ जणांची मासवडी जमेल ना?"

"जमेल," यशोधरा म्हणाली. दीड वर्ष झालं, तिच्या तोंडून हा एकच शब्द निघत होता.

झालं होतं एवढंच, की शहाण्णव साली टीव्हीवर पाककलेची स्पर्धा निघाली आणि प्रवीणनं, तिच्या नवऱ्यानं, तिला न विचारता पोस्टकार्ड टाकलं. मुंबईहून बोलावणं आलं. ती गेली, मासवडी केली, पहिली आली. बक्षीस म्हणून एक मिक्सर आणि भिंतीवरचं घड्याळ. मिक्सर चार महिन्यांत जळाला. घड्याळ चालतं, पण रोज थोडं पुढं पळतं. दिवाळीच्या आठवड्यात कार्यक्रम लागला, अख्ख्या संगमनेरानं बघितला, आणि यशोधराचा रविवार गेला तो गेलाच.

मासवडीत मासा नसतो. बेसनाचं घट्ट पिठलं घोटायचं, ओल्या फडक्यावर गरमागरम थापायचं, वर भाजलेलं खोबरं, तीळ, कांदा-लसणाचं सारण पसरायचं आणि फडक्यानंच दुमडून त्याला माशाच्या पाठीसारखा उभार द्यायचा. हाताला चटके बसतात, पण थांबता येत नाही. थांबलं की पिठलं आळतं आणि वडीला भेगा पडतात. एका घरापुरतं ठीक. पण प्रवीण दूध संघात दुधाची फॅट तपासायला होता, आणि संघात पाहुणे यायचे, साहेबांच्या घरी पाहुणे यायचे, साहेबांच्या मेहुण्याकडे पाहुणे यायचे.

पूर्वी याच साहेबांच्या मंडळी प्रवीणच्या घरी आल्या की चहाला हात लावत नसत. "आज उपास आहे हो," म्हणायच्या. सोमवार असो की शुक्रवार, त्यांचा उपासच. यशोधरा टीव्हीवर आली आणि बाईंचे उपास एकदम संपले.

"बघ, माणसं किती मानायला लागली," प्रवीण म्हणाला होता.

"मानतायत का जेवतायत?" यशोधरानं विचारलं होतं. तेव्हा तिला अजून असं विचारायची ताकद होती.

मधे एकदा एसटी स्टँडवर तिला पंकजा भेटली. पाथर्डीची, त्याच स्पर्धेत शेंगोळे करणारी. तिचा नंबर आला नव्हता. यशोधराला वाटलं, हिला वाईट वाटत असेल. पण पंकजा तजेलदार दिसत होती.

"तुला बोलावतात का गं सगळीकडं करायला?" यशोधरानं विचारलं.

"कुनाला माहितीच न्हाई तर बोलवतंय कोन? कार्यक्रम लागला आन् आमच्याकडं लाईट गेली. दोन दिसांनी आली. नवऱ्यानं कपाळाला हात लावला, म्हनला, नशीबच फुटकं." पंकजा हसली. मग यशोधराच्या मनगटाला गुंडाळलेली पट्टी बघून थांबली. "हे काय गं?"

"काही नाही. पिठलं घोटून घोटून."

"आगं बाई! म्हंजी मी सुटले म्हन की."

ही गंमत घरी येऊन सांगावी, असं माणूस यशोधराला एकच होतं. सासू, कलाबाई. पण टीव्हीचा विषय त्या दोघींत निघत नव्हता. मासवडी मुळात कलाबाईंची. यशोधरा लग्न होऊन आली तेव्हा त्यांनीच तिचा हात धरून थापायला शिकवलं होतं. कार्यक्रम बघून आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "झालं बाई तुज्या मनासारखं." आणि त्या दिवसापासून मासवडीला हात लावला नव्हता. का, म्हणून विचारलं तर, "दातात अडकती."

यशोधराला कारण माहीत होतं. ते तिच्या छातीवर पाट्यासारखं बसलेलं होतं.

मे महिन्यातला रविवार. साहेबांकडे तीस पानं. बाराला जीप डबे न्यायला येणार. यशोधरा पहाटेपासून चुलीपुढं, म्हणजे गॅसपुढं, आणि कलाबाई दारात बसून लसूण सोलत होत्या. वर्षभरापासून डोळ्यांत मोतीबिंदू, पण लसणाला डोळे लागत नाहीत.

पहिलं पिठलं थापलं, सारण पसरलं, दुमडायला फडकं उचललं आणि वडी मधोमध फाटली.

"चिकटली व्हय?" कलाबाई.

"नाही आत्या."

"डोळं गेल्यात माजं, कान न्हाई. फडकं वरबाडल्याचा आवाज आला. नवं हाय का?"

"दोनदा धुतलंय."

"नव्या कापडाला चिकटतीच. माजं घे की."

यशोधराचा हात थांबला. "कुठलं?"

"कुठलं म्हंजी? माजी काय दुकानं हायेत फडक्यांची? पेटीत हाय म्हनलीस न्हवं?"

छप्पन साली कलाबाई नवऱ्याबरोबर, सहादूबरोबर, नागपूरला दीक्षा घ्यायला गेल्या तेव्हा नेसलेलं पांढरं लुगडं. ते विरलं तेव्हा त्यातला धड राहिलेला हातभर तुकडा त्यांनी कापून घेतला. पेटीत जपून ठेवा म्हणून लोक सांगायचे. कलाबाई म्हणायच्या, कापड वापरात पायजे. मग त्या फडक्यावर वर्षानुवर्षं वडी थापली गेली. धुऊन धुऊन ते इतकं मऊ झालं होतं की वडी त्याच्यावरून आपली आपण सुटायची. मुंबईला निघताना कलाबाईंनी ते यशोधराच्या पिशवीत घातलं होतं.

पिठलं कढईत आळत चाललं होतं. यशोधरानं गॅस बंद केला.

"आत्या, ते मुंबईला राहिलं. बेसिनपाशी ठेवलं होतं. इगतपुरीला एसटी थांबली तेव्हा आठवलं. दोन पत्रं टाकली मी. उत्तर नाही आलं."

कलाबाईंनी एक पाकळी सोलली. दुसरी सोलली.

"मला ठावं हाय."

"काय?"

"तवा दिसत हुतं की मला. तुज्या हातात पांढराफेक नॅपकिन हुता, हाटेलातल्यासारखा. मी म्हनलं, माजं कुटं हाय? आता काडंल, मग काडंल. तेवढ्यात टाळ्याच वाजल्या."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हनून."

"दीड वर्ष?"

"तू बी दीड वर्ष पेटीच दावतीस न्हवं?"

यशोधरा खाली फरशीवर बसली. "आत्या, अजून एक आहे. कार्यक्रमवाल्यांतला, कानाला यंत्र लावलेला एक माणूस आला होता. म्हणाला, बाई, हे मळकं फडकं नको, टीव्हीत घाण दिसतं. आणि मी..." "मी हो म्हटलं. नुसतं हो. हे कशाचं आहे, ते सांगितलंच नाही. दिवे अंगावर, सगळे घाई करतायत... हो म्हटलं आणि बाजूला सारलं."

कलाबाईंनी हातातला लसूण खाली ठेवला.

"धुतलेलं हुतं," त्या म्हणाल्या. "मीच धुतलं हुतं, तू जायच्या आदल्या दिशी."

"हो."

तेवढ्यात प्रवीण आत डोकावला. "किती झाल्या? अर्ध्या तासात जीप येईल. अगं, बसलीस काय?"

"परवीन, सायबाला सांग, मासवडी व्हनार न्हाई," कलाबाई म्हणाल्या.

"म्हणजे? आज?"

"आज बी आन् फुडं बी. फडकं हारवलंय."

"आई, फडकं काय, दुसरं आणतो की आत्ता बाजारातून! तीस माणसं बसलीत तिथं. काय सांगू मी साहेबांना, फडकं हरवलं म्हणून?"

"मग ये, तू थाप. बेसन हाय, सारन हाय, मनगटं बी हायेत तुला. तिची बघ जरा."

प्रवीणनं यशोधराकडं पाहिलं. ती पट्टीच्या टोकाशी चाळा करत होती. जमेल म्हणाली नाही.

"पण काहीतरी सांगावं तर लागेल ना," तो हळू आवाजात म्हणाला.

"सांग, आमच्या सुनेला उपास हाय म्हनावं."

प्रवीणच्या चेहऱ्यावर हसू येता येता राहिलं. बाईंचे ते उपास त्यालाही पाठ होते. तो चपला घालून बाहेर पडला. सायकल कुरकुरत गेली ती ऐकू आली. सोमवारी संघात काय ऐकावं लागेल, कुणास ठाऊक. यशोधरा तिथंच फरशीवर आडवी झाली. खालून थोडा गारवा लागत होता. भिंतीवरचं घड्याळ बारा दाखवत होतं, म्हणजे अजून बारा वाजायचे होते.

दारात जीप थांबली. प्रवीणची चुकामूक झाली असावी. ड्रायव्हर गोरक्षनं जीपमधूनच हाक दिली, "टीव्हीवाल्या वहिनी, डबे भरले का?"

"हितं टीव्हीवाली कुनी ऱ्हात न्हाई!" कलाबाई दारातून ओरडल्या. "यशोधरा हाय, ती झोपलीया!"

"आन् मासवडी?"

"जा बाबा, परवीन गेलाय सांगाया."

जीप थोडा वेळ तशीच घरघरत राहिली आणि मग निघून गेली. यशोधरानं डोळे मिटून घेतले होते, पण झोप लागली नव्हती. भांड्याचा आवाज झाला. कलाबाई चाचपडत ओट्यापाशी आल्या होत्या. फाटक्या वडीचा एक तुकडा त्यांच्या हाताला लागला. त्यांनी तो तोंडात टाकला आणि सावकाश चावत राहिल्या.

"दातात अडकेल," यशोधरा डोळे न उघडता म्हणाली.

"अडकू दे."

मग आणखी एक तुकडा.

"मीठ कमी हाय गं," कलाबाई म्हणाल्या. "टीव्हीत बी कमीच वाटलं हुतं मला."