युकुलेलेवरचा मारवा

काळजी करण्यात आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांचा हात धरणारा माणूस अख्ख्या बंगळुरात सापडायचा नाही. आयुष्यभर एका सरकारी कारखान्यात त्यांनी यंत्रांची तपासणी केली, आणि निवृत्तीनंतर यंत्रं उरली नाहीत म्हणून ते जग तपासू लागले. लिफ्टमध्ये शिरण्याआधी कान लावून तिचा आवाज ऐकतात. सिग्नलला उभ्या असलेल्या रिक्षातूनसुद्धा ‘अण्णा, स्वल्प निधान’ म्हणत चालकाला सावकाश जायला सांगतात. यशवंतपूर स्टेशनाहून गाडी असली की सर्जापूर रोडवरच्या आमच्या इमारतीतून इतक्या लवकर निघतात, की आधीची गाडी सुटताना त्यांना दिसते आणि हीच आपली होती की काय, या शंकेनं ते पुन्हा घाबरतात.

अशा माणसानं साठी उलटल्यावर युकुलेले, म्हणजे चार तारांची चिमुकली गिटार, विकत आणली. कारण विचारलं तर म्हणाले, “अगं, पेटी उचलताना कंबर धरते, गिटार पडली तर पायावर पडायची, आणि विजेवरचा तानपुरा लाइट गेली की मुका. ही पडली तरी कुणाला लागणार नाही.” खरं कारण काकू होत्या. काकू मारवा राग फार सुंदर गायच्या. गळ्याचं ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, पण आवाज घोगरा झाला. डॉक्टरांनी गायला सांगूनही त्या तोंड उघडेनात. “फाटक्या गळ्यानं मारवा नको,” एवढंच म्हणायच्या. काकांनी ठरवलं, आवाजाखाली कॉर्ड, म्हणजे एकदम छेडलेले तीन-चार स्वर, घातले तर फाटलेलं झाकलं जाईल आणि ही गाईल.

आता मारव्यात पंचम वर्ज्य, आणि काकूंच्या षड्जाला लावलेल्या युकुलेलेची एक तार नेमकी पंचमाची. ती मोकळी वाजली की राग बिघडलाच. त्यामुळे काका तिच्यावर सतत बोट दाबून असत, वाजवत नसतानासुद्धा. एकाआड एक स्वर घेऊन त्यांनी दोन कॉर्ड बांधले. सा-ग-ध हा पहिला एका बोटात जमला. रे-म-नि हा दुसरा मात्र त्यांच्या जिवाला घोर लावणारा, कारण त्यात षड्जच नाही. “खाली आधार नाही गं! असलं यंत्र मी पास केलं नसतं,” म्हणाले, आणि तपासनीसाच्या सवयीनं त्यातही एक सा कोंबून मोकळे झाले.

ते ऐकायला त्यांनी मला एका संध्याकाळी वर बोलावलं. दोन-चार वेळा तार छेडली असेल-नसेल, तोच काकू कणकेच्या हातांनी तरातरा बाहेर आल्या.

“अहो, काय चाललंय? मारव्यात षड्ज असा प्रसादासारखा वाटत सुटतात का? त्याची वाट बघायची असते!”

“मला नाही बघवत वाट,” काका म्हणाले. “ऑपरेशनच्या दिवशी बाहेर बसून बघितली तेवढी पुरे झाली.”

काकू हात पुसून समोर बसल्या.

“तो सा काढा तिथून,” त्या म्हणाल्या. “मी लावीन.”

काकांनी बोट सरकवलं. त्या आधार नसलेल्या कॉर्डवर काकू गाऊ लागल्या आणि धैवतावरच आवाज फाटला. कॉर्डनं काहीसुद्धा झाकलं नाही. काका घामानं निथळत होते. काकू निषादावर थांबल्या, रिषभावर रेंगाळल्या, पुन्हा मागे फिरल्या. आणि मग षड्ज लागला. खरखरीत, पण नेमका जागेवर. काकांचा हात केव्हाच थांबला होता. पूर्वीचा आवाज आता परत येणार नाही, हे आम्हा तिघांनाही त्या क्षणी कळलं, आणि मला फार वाईट वाटलं.

“सरी, बरं,” काका डोळे पुसत म्हणाले, “पुन्हा एकदा गातेस?”

हल्ली संध्याकाळी वरून मारवा ऐकू येतो. आवाज मध्येच तुटतो, आणि भाजी चिरता चिरता माझा हात थांबतो. परवा षड्ज फार वेळ आलाच नाही. मी सुरी ठेवून दार उघडलं, जिन्याच्या दोन पायऱ्या चढलेसुद्धा, तेव्हा कुठे तो लागला.