तीर्थाला नाही म्हणायचं नसतं

वडिलांनी अन्न सोडल्याचा निरोप सांगलीला आला आणि मी मिळेल त्या गाडीनं वाईला माहेरी आले. त्यांच्या पोटात गाठ होती. मिरजेला दाखवून झालं होतं. आता घरीच ठेवा, असं तिथं सांगितलं होतं. कळ आली की ते धोतराचा सोगा दातांत धरायचे. एका सकाळी ताट सरकवून म्हणाले, "बास. आता मला सोडा."

दादा वकील. तो ओसरीवर नुसत्या येरझाऱ्या घालायचा. "ही सरळ आत्महत्या आहे. उद्या फौजदार दारात आला तर काय सांगू?" मला असा संताप आला! सांगलीला आमच्या शेजारच्या जैन आजींनी सल्लेखना घेतली, अशीच अन्नपाणी सोडून, तर गल्लीतल्या बायका पाया पडायला जात होत्या. मीही गेले होते. तिथं पुण्य आणि आमच्या घरात गुन्हा? दादाला तोंडावर म्हटलं तसं.

"ते तुझे वडील नव्हते, म्हणून सोपं गेलं तुला," तो म्हणाला.

खोटं नव्हतं ते. मला तरी कुठं वडील जायला हवे होते? बसले तर बसवत नव्हतं, कामाला हात लावला तर काही सुचत नव्हतं.

आईनं भलताच मार्ग काढला. वडील अन्नाला शिवत नसले तरी पूजेचं तीर्थ घेत. तीर्थाला नाही म्हणायचं नसतं, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. आईनं रोज पंचामृती पूजा सुरू केली, मग दोन्ही वेळा. पंचामृताला निरसं दूध लागतं. हिचं चांगलं आटवलेलं, वर मध, तूप. लढाईचे दिवस, साखर रेशनची, ती सगळी तिकडं आणि आम्ही गुळाचा चहा पीत होतो. देवांना जन्मात घडल्या नसतील इतक्या आंघोळी तिनं घातल्या. पळीमागून पळी वडिलांच्या तळहातावर पडायची. ते पीत, ओला हात डोक्यावरून फिरवत. चेहऱ्यावर जरा तरतरी आली. कळा मात्र तशाच होत्या.

"आई, हे बरं का?" मी विचारलं.

"देवाचंच देते ना," ती म्हणाली आणि पातेलं घासायला घेतलं.

मग एक दिवस दूधवाली मागच्या दारातून बोलली, "आवं वैनी, मालक जेवत न्हाईत म्हंता, आन् दूध तर लय वाढलं की तुमचं." वडील माजघरातच पडून होते. त्यांनी ऐकलं.

संध्याकाळी आई पळी घेऊन गेली तर त्यांनी मूठ मिटून घेतली. "देवाला कशाला मधे घेतलंस गं?" एवढंच म्हणाले. रागावले असते तर परवडलं असतं. दादा काही सांगायला पुढे झाला, तर आईनंच त्याला अडवलं. "पुरे आता. त्यांच्या मनासारखं होऊ दे."

दुसऱ्या दिवशी तिनं कृष्णेचं नुसतं पाणी आणलं, देवाला घातलं, त्यात तुळशीचं पान टाकलं आणि पळी पुढे केली. वडिलांनी हात पसरला. पण पिण्याआधी तळहात नाकाशी नेला, वास घेतला, आणि मग ते पाणी प्याले. उभ्या संसारात आईच्या हातचं काही त्यांनी असं हुंगून घेतलं नव्हतं.