सोजरबाईचा किडा आणि इकबालचा हॅलोजन

आमच्या चिखलीत सोजरबाईच्या शिव्या खाल्ल्या नाहीत असा माणूस शोधून सापडायचा नाही. मीही खाल्ल्यात, आणि काय झणझणीत! तिच्या पोरांनी बापाच्या नावावरची जमीन वर्कशॉपवाल्यांना विकली. ओढ्याकाठचा तुकडा हिच्या माहेरचा, हिच्या नावावर, म्हणून तेवढा राहिला. तिथं ती रोज संध्याकाळी, कोणी आत शिरलंच तर भिरकवायला, मांडीवर दगड घेऊन बसायची.

शेजारी इकबालचं गॅरेज. त्याच्या हॅलोजनचा झोत थेट हिच्या गवतावर. त्यापायी काजवे कमी झाले म्हणून ही भांडायची. चोऱ्या होतात, दिवा राहणार, असं तो सुनावायचा.

त्यात त्याचीच मुलगी साबिया कॉलेजातून काजव्यांचा अभ्यास करत हिच्याकडे आली. गवतात एक बिनपंखी किडा चमकायचा, तो तिला हवा होता. ती काजव्याची मादी असावी, नर तेवढे उडतात, असा तिचा अंदाज. सोजरबाई भडकली. उडते काजवे गॅरेजकडचे, किडा माझ्या माहेरचा, दोघांची जात वेगळी, असं तिचं म्हणणं. मग साबियानं सांगितलं, पेशीत एक डीएनए असतो, मायटोकाँड्रियातला, तो आईकडूनच येतो. तो जुळवून पाहिला की कोण कोणाच्या कुळातलं, डोंगरापलीकडच्या काजव्यांपासून कधी वेगळं झालं, ते कळतं.

“बापाचं काईच न्हाई त्यात?”

“काहीच नाही, आजी.”

म्हातारी चक्क हसली. मी कुंपणाशीच होतो ना!

“एक पाय घे. जीव न्हाई. आन् येगळा निघाला, तर तुझ्या बापानं दिवा काढायचा.”

इकबाल कबूल झाला. पोरीच्या अंदाजावर त्याचा भरवसा. आणि निकालही तोच आला. किड्याचा पाय आणि उडत्या काजव्याचा पाय, एकच जात.

इकबाल मिशीत हसत सांगायला आला. सोजरबाई उठली.

“म्हंजी तुझ्या दारात उडत्यात ती बी माझ्याच किड्याची लेकरं. आन् तू त्यांच्या आयांवर दिवा मारतोस व्हय?”

एवढं बोलून तिनं दगड भिरकावला. हॅलोजन खळ्ळकन फुटला.

इकबाल चार दिवस धुमसत होता. नवा दिवा आणलाच त्यानं. पण साबियानं शिडीवर चढून त्याचं तोंड रस्त्याकडे फिरवलं. सोजरबाईनं ते पाहिलं, आभार वगैरे काही नाही. ओढ्यातून नवा दगड निवडून आणला आणि मांडीवर घेऊन बसली.